तिपायेश्वराचा डोळा

मोडनिंबच्या पलीकडं, सडकेपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून जिवंत आहेत, आणि मी दिसलो की मान खाली घालतात. मीही घालतो. १९७४ सालच्या मार्चमधल्या एका गुरुवारी, भर दुपारच्या उन्हात, त्या वाडीतल्या मारुतीच्या पाराभोवती ही एवढी गर्दी उसळली होती. मोडनिंबच्या बाजूनं बैलगाड्या चालूच होत्या. माळशिरसकडनं एक ट्रक भरून माणसं आली होती. आंधळे, अधू, डोळे आलेले, चष्मा लागलेले, आणि ज्यांचे डोळे ठणठणीत होते तेही, पुढची तजवीज म्हणून.

पारावर लाल कापड, कापडावर चौरंग, चौरंगावर काचेच्या चौकटीत एक गोल फोटो. बाजूला कर्णा हातात घेऊन उभा होता कुंडलिक, फोटोच्या कामातला माझा भागीदार.

"या, या! बाया उजवीकडनं, बापे डावीकडनं! ढकलाढकली करू नका, देव कुटं पळून जात न्हाय, त्याला तीन पाय हायेत! दोन पायांचा दमतो, चार पायांचं जनावर आसतं. तीन पायांवर जो उभा ऱ्हायला त्यो कंदी डुगडुगत न्हाय! बोला, तिपायेश्वर महाराज की..."

"जय!"

"ह्या फोटूत समदी वाडी हाय. बघा नीट! मानसांची डोकी कुटं हायेत? देवाकडं! देवळाचा कळस कुटं वाकलाय? देवाकडं! लिंबाच्या झाडाचा शेंडा? देवाकडं! आन मधी कोन? काळा, तीनपायी, एकडोळ्या! एकच डोळा, पर चारी दिशांना बगतो. त्यो तुमच्या डोळ्याची काळजी करनार न्हाय तर काय दगड करनार व्हय?"

फोटो खरंच तसा होता. गोल चित्र, कडेनं सगळी वाडी फिरवून ठेवल्यासारखी, घरं, छकडे, फेटेवाले, आणि प्रत्येकाचं डोकं आतल्या बाजूला. मधोमध एक काळी आकृती, तीन लांब पाय पसरलेले, आणि पोटात एक वाटोळा चकचकीत डोळा.

मी त्या देवाला पुरता ओळखत होतो. त्याचा एक पाय मी स्वतः दोनदा खिळे मारून दुरुस्त केला होता.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो. मी धोंडीराम, सोलापुरात गिरणीच्या मशीनशॉपमध्ये फिटर. फोटोचं वेड जुनं. मला एक कॅमेरा बनवायचा होता जो एका चापात चारी बाजू टिपेल. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा बघितलीय ना? कुठंही उभं राहा, पाठीमागची निम्मी जत्रा सुटतेच. मला ती सगळीच्या सगळी एका कागदावर हवी होती. नुसत्या भिंगाच्या जिवावर हे जमत नाही, पण फुगीर आरसा चारी बाजूंचं एकदम गोळा करतो. स्टीलच्या वाटीच्या बुडाकडं बघा, सगळी खोली त्यात दिसेल. मग आरसा जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यावर तिपाई उभी करून कॅमेरा तोंड खाली करून टांगायचा. तो जगाचा फोटो काढत नाही, आरशाचा काढतो.

बोलायला सोपं आहे. वाटीत माणसं चेंगरून बसली. मोटारीच्या चाकाची चकचकीत टोपी लावून बघितली, तर घरं केळ्यासारखी वाकली. शेवटी मी कागदावर वक्र काढला, पत्र्याचा फर्मा कापला आणि रहिमतुल्लाभाईंकडं गेलो. सायकलच्या घंट्यांना निकेल चढवायचं त्यांचं दुकान. आत लेथ, बाहेर लेकी रुक्साना आणि अमिना बफ मारून चकाकी आणायला. भाईंनी लाकडी साच्यावर पितळेचा पत्रा दाबून चार घुमट काढले. तीन माझ्यादेखत भट्टीत टाकले.

"बाल बराबर फरक है," ते म्हणायचे. "तुम बोलते चलता. आईना नहीं बोलता चलता."

चौथा घुमट जमला. दोष एकच राहिला. आरशात सगळं दिसतं, म्हणजे आरशाच्या डोक्यावर टांगलेला कॅमेराही दिसतो, ऐन मधोमध, तिपाईच्या तीन पायांसकट. तो काढायचा कसा, यावर मी सहा महिने डोकं फोडलं. जमेना, तेव्हा पळवाट काढली. छापताना कागदाच्या मध्यावर काळ्या पुठ्ठ्याची चकती ठेवायची. तिथं पांढरं वर्तुळ राहतं. त्यात गावाचं नाव लिहायचं. झालं.

त्या वाडीत माझी बहीण विजयमाला दिली आहे. मेव्हणा रावजी म्हणाला, आमच्या जत्रेचा काढा की फोटो. म्हणून माघातल्या जत्रेत मी छकड्यावर कॅमेरा लावला. छापायच्या वेळी मला गिरणीत डबल पाळी लागली, म्हणून छापलं कुंडलिकनं. चकती ठेवायला विसरला. पहिला फोटो बघून सोजरबाईनं, म्हणजे विजयमालाच्या सासूनं, हात जोडले. "आगं बया, ह्यो कोन रं मधी?"

कुंडलिक आधी तंबूतल्या सिनेमाची जाहिरात कर्ण्यावरून ओरडायचा. असा माणूस "कॅमेरा आहे, मावशी" म्हणेल? गर्दी कशानं जमते ते त्याला पोटातून कळायचं. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "तुमाला दिसला? समद्यांना दिसत न्हाय."

हे मला आठ दिवसांतच कळलं. आणि मी काय केलं? हसलो! मशीनशॉपमध्ये सगळ्यांना सांगून पोट धरधरून हसलो. "आपला कॅमेरा देव झाला लेको!" एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर तिथंच संपलं असतं. नाही टाकलं. मनात कुठंतरी गुदगुल्या होत होत्या की माझ्या आरशाचं नाव होतंय.

तर त्या गुरुवारी मी गेलो होतो कुंडलिककडून फोटो छापायची माझी भिंगं परत आणायला. रांगेकडं सहज नजर गेली, आणि रांगेत विजयमाला. पदर तोंडावर, डाव्या डोळ्यावर ओल्या फडक्याची पट्टी.

"विजे, काय झालं गं?"

"काय न्हाय दादा. शाळू उपनताना कुसळ गेलं. सहा दिस झालं. तीर्थ घालतेय की."

"कसलं तीर्थ?"

तिनं पाराच्या कडेला बोट दाखवलं. तिथं कुंडलिकची पाटी होती, फोटो धुवायची. आत फोटो धुतलेलं गढूळ पाणी. त्यात फोटोच्या औषधांचा अंश, वर झेंडूच्या पाकळ्या. लोक पळीपळीनं ते डोळ्यांत घालत होते.

पट्टीखालून पिवळं ओघळलं होतं आणि तिचा निम्मा चेहरा सुजला होता. मी तिचा हात धरला. "चल. आत्ताच्या आत्ता सोलापूर. मोठ्या दवाखान्यात."

"हात सोड दादा. अकरा दिस पट्टी सोडायची न्हाय."

"कोण म्हणतं?"

"देव म्हनतो," सोजरबाई मध्ये पडली. "आन एकानं पट्टी सोडली की समद्यांचं व्रत मोडतं. हितं तीनशे मानसं पट्ट्या बांधून हायेत. उद्या कुनाचा डोळा गेला तर म्हनतील, रावजीच्या बायकूनं घालवला. तुमी जाल सोलापूरला. आमाला हितं ऱ्हायाचं हाय."

बघा कुंडलिकची अक्कल! एकाला तीनशेंचा पहारा, आणि फुकटात.

मी ओरडलो, "अहो, तो देव नाही, माझा कॅमेरा आहे!"

लोक हसले. रावजी तसा शहाणा माणूस, त्यानं मला शांतपणे समजावलं. "पाव्हनं, आसं कसं? कॅमेरा म्होरचं काढतो. सोताला कसा काढंल? आमच्या लग्नात फोटूवाल्यानं चाळीस फोटू काढले, एकात तरी त्यो हाय का?"

यात चूक काय काढणार? आयुष्यभर बघितलेल्या फोटोंवरून त्यानं सरळ हिशेब केला होता. आरशाचा कॅमेरा त्यानं कधी बघितला नव्हता, एवढंच.

विजयमाला हळूच म्हणाली, "दादा, फोटू तूच काढलास. तू लबाड न्हाईस, म्हून तर मी पट्टी बांधली. खोटा आसंल तर हितं, समद्यांम्होरं दाव. त्याच पावली येते."

तिला उचलून न्यायला हवं होतं. शिव्या खाऊन, मार खाऊन न्यायला हवं होतं. मी पुरावा आणायला सोलापूरला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं रहिमतुल्लाभाई आणि मी आलो. टपावर तिपाई आणि पोत्यात गुंडाळलेला आरसा. पारावर आम्ही आरसा ठेवला, त्याच्यावर तिपाई उभी केली, काळ्या कापडातला कॅमेरा उलटा टांगला. कुंडलिक हात बांधून बघत होता.

मी मोठ्यानं सांगितलं, "हा झेंडूचा हार मी कॅमेऱ्याच्या गळ्यात घालतोय. तुमच्या देवाच्या फोटोत हार नाही. आताच्या फोटोत मधल्याच्या गळ्यात हार आला, तर तो देव कोण ते तुम्हीच सांगा."

चापाचा रबरी फुगा दाबला. पाराजवळ कुंडलिकनं छपाईसाठी केलेल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुतला, आणि तासाभरात ओला कागद उंच धरून बाहेर आलो. मधोमध काळी आकृती, तीन पाय, एक डोळा, आणि डोळ्याभोवती झेंडूचा हार, स्पष्ट. मला वाटलं, जिंकलो.

कुंडलिकनं माझ्या हातून कागद ओढला, डोक्याला लावला आणि कर्णा तोंडाशी नेला. "बघा रं! यंत्राला हार घातला आन पोचला कुटं? देवाच्या गळ्यात! धोंडीरामभाऊंनी परीक्षा घेतली, देवानं हार घेतला! बोला, तिपायेश्वर महाराज की..."

"जय!"

बायका रडायला लागल्या. एक म्हातारा माझ्याच पाया पडला. मी थोबाडीत मारल्यासारखा उभा राहिलो. रांगेतून विजयमालानं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली.

तेव्हा रहिमतुल्लाभाई उठले. दुसऱ्याच्या देवाच्या दारात आपण काय बोलणार, म्हणून ते बाजूला लिंबाखाली बसून होते.

"धोंडीराम, कायकू झगडता? कागद नको. कागदपे ये आदमी बोलेगा, तुम बोलेंगे. आईना सबको दिखाव की." आणि त्यांनी माझं न ऐकता कॅमेरा तिपाईवरून सोडवून बाजूला ठेवला. सोजरबाईकडं वळून नमस्कार केला. "मावशी, जिथं हे यंत्र होतं ना, तिथं तुमी डोकं आना. आन खाली आईन्यात बघा. बस, येवढंच."

सोजरबाईनं कुंडलिककडं बघितलं. कुंडलिक घाईनं म्हणाला, "नको मावशी! उघड्या डोळ्यानं बघितलं तर डोळा फुटतो."

"माझं वय काय कमी हाय व्हय रं?" म्हातारी फणकारली. "फुटला तर फुटला." तिनं पदर खोचला, पारावर चढली, तिपाईच्या पायांना धरून आरशावर वाकली.

मग म्हणाली, "आगं बया!"

"काय दिसतंय?" लोक ओरडले.

"समदी वाडी दिसतीया. कळस बी. लिंब बी. समद्यांची डोकी... माझ्याकडं. आन मधी मीच की! माझी नथ, माझं कुकू." तिनं डोकं उजवीकडं केलं, डावीकडं केलं. "हललं तर हलतंय. मंग मी बी देव व्हय रं, कुंडलिका?"

कोणीतरी फिसकन हसलं. रावजी पुढं आला, वाकला. मग त्याचा चुलता. मग बायका. जो वाकला त्याला मधोमध आपलंच तोंड दिसलं, आणि सगळी वाडी त्याच्याकडं डोकी करून. शेवटी रावजीनं कॅमेरा उचलून परत जागेवर धरला, खाली वाकून कडेनं आरशात बघितलं. काळं कापड, तीन पाय, वाटोळं भिंग. "ह्यो बघा की तुमचा तिपायेश्वर," तो म्हणाला. "जो आरशावर वाकतो त्योच मधी येतो. दुसरं काय न्हाय. च्यायला, कायबी न्हाय!"

सोजरबाई कुंडलिककडं वळली. "ये. आता तू बघ."

"मला गरज न्हाय. मला आतनं दिसतं."

"न्हाय. तुला पयल्यापासनं ठावं हाय, म्हून बघत न्हाईस." तिनं त्याच्या हातातला कर्णा काढून घेतला. त्याला कोणी मारलं नाही. लोकांना स्वतःचीच इतकी लाज वाटत होती की त्याच्याकडं बघायला कोणी धजेना. तो खोलीत पाट्या आवरायच्या मिषानं गेला आणि मागच्या वाटेनं निघून गेला. तीनशेंतल्या निम्म्यांनी तिथंच पट्ट्या सोडल्या. बाकीचे निम्मे पट्ट्या तशाच ठेवून, आम्हाला शिव्या देत घरी गेले.

गर्दीतून एकानं मला विचारलं, "भाऊ, तुमाला म्हैनाभर ठावं व्हतं. मग आज का आलाव?"

मी खाली मान घालून तिपाई आवरायला लागलो.

विजयमाला बोलल्याप्रमाणं त्याच पावली निघाली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि बॅटरी लावून डोळा बघितला. मग म्हणाल्या, "कुसळानं बुबुळाला जखम झाली. शाळूच्या दिवसांत आमच्याकडं असे रोज येतात. लगेच आले तर थेंब घालून बरे होतात. हिची जखम आतपर्यंत सडली आहे. डोळा काढावा लागेल, नाहीतर त्रास वाढेल."

मी विचारलं, "काल आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

हे "सांगता येत नाही" मी आजतागायत उशाशी घेऊन झोपतो. "नाही" म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. "हो" म्हणाल्या असत्या तरी काहीतरी ठरलं असतं.

त्यानंतर मी त्या कॅमेऱ्यानं फोटो काढला नाही. आरसा पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. भाऊबीजेला विजयमाला आली. ओवाळून झालं, आणि ताट खाली ठेवत म्हणाली, "दादा, त्यो आरसा काढ."

"कशाला?"

"त्या दिशी समद्यांनी बघितला. मी ऱ्हायले."

आणला. जमिनीवर ठेवला. ती पदर सावरून त्याच्यावर वाकली. मीही शेजारी उभा होतो, कडेला दिसत होतो, डोकं तिच्याकडं करून. खोली, खिडकी, ओवाळणीचं ताट, सगळं तिच्याकडं. मधोमध तिचा चेहरा, आणि त्यात एकच डोळा.

"आत्ता खरा झाला बग तुजा देव," ती म्हणाली. "एकडोळ्या."

मी लहान पोरासारखा रडलो. ती रडली नाही. तिनं मला रडू दिलं, मग पाठीत एक धपाटा घातला. "रडून काय व्हतंय? कुंडलिक तिकडं दुधनीकडं गेलाय म्हनं, दुसरा फोटू घेऊन. ह्यो आरसा घे आन चल. मी बी येते."

"तू येऊन काय करणार?"

"तू आरसा दाव. मी तोंड दावते."

तेव्हापासून शाळूची मळणी लागायच्या आधी आम्ही गावोगाव जातो. रहिमतुल्लाभाईंनी आरशाला नवीन निकेल चढवून दिलं. बाजाराच्या दिवशी आरसा मांडायचा, लोकांना एकेक करून वाकायला लावायचं, फोटोतला देव कसा तयार होतो ते त्यांच्याच तोंडानं वदवून घ्यायचं. हसतात, खूष होतात. मग मी माझं भाषण करतो. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कुठून बघितलं, कशातून बघितलं, आणि बघणारा कुठं उभा होता? दाखवणारा जर "जवळून बघू नका" म्हणाला, तर तिथंच समजा. आणि खोटं आहे हे ज्याला कळलं, त्यानं माझ्यासारखं हसत बसू नये. त्याच दिवशी उठावं आणि जाऊन सांगावं.

माझं भाषण लोक ऐकतात आणि विसरतात. मग विजयमाला उठते. डोक्यावरचा पदर मागं घेते आणि काळा चष्मा काढते.

"ह्यो डोळा कुसळानं न्हाय गेला," ती म्हणते. "आठ दिसांनी गेला. कुसळ गेलं की त्याच दिशी दवाखाना. सासू आडवी आली तरी. देव आडवा आला तरी."